अंश आणि छेद

सत्र संपत आलं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागते. मथळा साधा असतो, ‘कमी उपस्थिती असलेले विद्यार्थी’. पण त्या नावाने तिला कोणी ओळखत नाही. ती ‘डिफॉल्टर लिस्ट’. यादीपुढे गर्दी होते, बोटं वरून खाली सरकतात, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि तासाभरात गावाकडच्या एखाद्या वडिलांना कुठूनतरी कळतं, की पोराला टर्म मिळणार नाही.

यादीमागचं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. बसलेले तास वर, झालेले तास खाली, गुणिले शंभर. ७५ किंवा जास्त आले तर सुटलात. आता दोन विद्यार्थी घेऊ. पहिल्याचा विषय ६० तासांचा, आणि ६० च्या ६० तास झाले. तो ४४ तासांना बसला. टक्केवारी ७३.३३, नाव यादीत. दुसऱ्याचाही विषय ६० तासांचाच, पण शिकवणाऱ्याची जागा रिकामी होती, तासिका तत्त्वावरचे सर सत्र बरंच पुढे गेल्यावर रुजू झाले, आणि तास झाले ४०. तो ३० तासांना बसला. बरोबर ७५ टक्के. त्याचं नाव यादीत नाही. १४ तास जास्त शिकलेला मुलगा दोषी ठरला आणि अर्धाच विषय कानावर पडलेला नियमात बसला.

गणित चुकलेलं नाही. आपलं लक्ष अंशावर असतं, म्हणजे मुलगा किती तास बसला यावर. छेदाकडे, म्हणजे तास मुळात झाले किती याकडे, कोणी बघत नाही. मुलांच्या बेजबाबदारपणावर भाषणं होतात ती सगळी अंशाबद्दलची. ती सगळी चुकीची असतात असं नाही, पण अर्धी असतात. उरलेली अर्धी गोष्ट बघायला पुणे जिल्ह्याचं पूर्वेचं टोक बरं. बारामतीला कला-विज्ञान-वाणिज्यापासून अभियांत्रिकी, विधी आणि वैद्यकीयपर्यंत सगळं शिक्षण एका गावात मिळतं, आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातली मुलं त्यासाठी रोज एसटीने ये-जा करतात. हजेरीचा नियम जिथे जिथे ताणला जातो त्या बहुतेक जागा या रस्त्यावर सापडतात.

त्याआधी ‘टर्म’ या शब्दाचं मूळ पाहू.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे ते स्वतः शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. शिकवणं संलग्न महाविद्यालयांकडे. मग प्रश्न आला की परीक्षेला बसायला नुसती फी भरून चालेल का? उत्तर ‘नाही’ असं ठरलं. उमेदवाराने एखाद्या कॉलेजात टर्म भरलेल्या असल्या पाहिजेत. ही कल्पना इंग्लंडातल्या जुन्या विद्यापीठांची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये टर्म भरणं म्हणजे ठरलेल्या रात्री विद्यापीठाच्या गावात मुक्कामाला असणं. आजही ऑक्सफर्डच्या पदवीच्या विद्यार्थ्याला गावातल्या कारफॅक्स चौकापासून सहा मैलांच्या आत राहावं लागतं. बॅरिस्टर व्हायचं तर टर्म भरायच्या त्या जेवणावळीत. गांधीजींनी आत्मकथेत याची गंमत सांगितली आहे: जेवलंच पाहिजे असा आग्रह नव्हता, पण ठरलेल्या वेळी येऊन जेवण संपेपर्यंत बसून राहणं आवश्यक होतं.

मराठीत याला आपण ‘हजेरी लावणं’ म्हणू. लग्नाला हजेरी लावून आलो, म्हणजे अक्षता टाकल्या, तोंड दाखवलं आणि निघालो. पावसानेही हजेरी लावली असं वर्तमानपत्रं लिहितात, तेव्हा पेरणीजोगा पाऊस झालेला नसतो. आणि एखाद्याची ‘हजेरी घेतली’ म्हणजे त्याला फैलावर घेतलं. अरबीतून आलेल्या एका शब्दाला आपण लावलेली ही दोन क्रियापदं, आणि आजच्या कॉलेजातली हजेरी या दोन्हींच्या मध्ये अडकलेली आहे.

मूळ कल्पना वेगळी होती. टर्म म्हणजे सहवास. चार शिकलेल्या माणसांच्या आणि चाळीस शिकणाऱ्या मुलांच्या संगतीत काही काळ काढलाय याचा तो पुरावा. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी झालं तेव्हाही बारामतीच्या मुलाला पदवी घ्यायची तर पुण्यासारखं गाव गाठावं लागे. वसतिगृह, मेस, खोलीतला जोडीदार. घरी जाणं सुट्टीत. त्याच्यासाठी टर्म भरणं आणि गावात राहणं एकच होतं. तासाला दांडी मारली तरी तो मुलगा कॉलेजच्या हद्दीतच असायचा.

१९६२ मध्ये अनेकांत एज्युकेशन सोसायटीने बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केलं. पंचक्रोशीत ते टी. सी. कॉलेज, आता ते स्वायत्त आहे. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि पुढे एमआयडीसीलगत विद्यानगरी उभी राहिली. माळेगावजवळ शारदानगरला मुलींचं महाविद्यालय आलं, इंदापुरात तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचं कॉलेज आलं. या भागातल्या मुलींच्या दोन पिढ्या पदवीधर झाल्या त्या केवळ यामुळे. पुण्याला वसतिगृहात ठेवायला तयार नसलेले वडील बारामतीला सकाळी पाठवून संध्याकाळी घरी बोलवायला तयार झाले. कॉलेज गावाजवळ आलं आणि मुलं घरी राहून शिकू लागली. म्हणजे मुक्काम गेला. टर्म हा शब्द मात्र राहिला, आणि त्याच्यात आता फक्त टक्केवारी उरली.

हा आकडा ७५ वर कसा स्थिरावला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी शिक्षणाबाबतच्या २००३ च्या विनियमांत वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन व्हावं असं म्हटलं आहे. परीक्षेला बसण्यासाठी किती उपस्थिती लागेल ते विद्यापीठाने ठरवावं, पण ती साधारणपणे ७५ टक्क्यांच्या खाली नसावी, असंही त्यात आहे. वकिलीला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के, आणि खास कारण असेल तर ६५ पर्यंत सूट. वैद्यकीयला थिअरीसाठी ७५ आणि प्रात्यक्षिकांसाठी ८०. आकडे थोडे इकडेतिकडे, पण सगळ्यांनी एक गोष्ट धरून ठेवली आहे: चारातले तीन तास.

आता चार तासांचा दिवस घ्या आणि इंदापूर-बारामती रस्त्यावर या.

इंदापूरहून निघालेली एसटी निमगाव केतकी, शेळगाव, अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी करत बारामतीत येते. अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडीत कॉलेजची मुलं पासवर असतात. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांशात प्रवास. निमगावला चढणाऱ्याला जागा मिळाली तर मिळाली, लासुर्ण्याला चढणारा उभाच. सणसरला गाडी थांबतच नाही, कारण आत पाय ठेवायला जागा नसते. मग पुढची. ती वेळेवर आली तरी मुलगा पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा पोचतो, आणि तोवर मस्टर बंद झालेलं असतं. दिवसाचे चार तास, त्यातला पहिला रोज बुडतो. उरले तीन. बरोबर ७५ टक्के. सत्रभर एकही दिवस न चुकवणारा हा मुलगा काठावर उभा आहे; एक दिवस ताप आला की यादीत.

आणि ही झाली एकूण हजेरी. विषयवार मोजली तर गोष्ट आणखी बिकट. पहिला तास रोज एकाच विषयाचा असेल तर त्या विषयात त्याची हजेरी शून्य आणि बाकी तिन्हींत शंभर. प्राध्यापकाच्या मस्टरमध्ये हा मुलगा अस्तित्वातच नाही. त्या सरांना विचारलंत तर ते प्रामाणिकपणे सांगतील, ‘हा? हा कधी तासाला येतच नाही.’ पहिला तास दर दिवशी वेगळ्या विषयाला द्यायचा, एवढं वेळापत्रक बदललं तरी हा प्रश्न निम्मा होतो. याला खर्च काही नाही. पण वेळापत्रक समितीपुढे एसटीचं वेळापत्रक ठेवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

याच रस्त्याने ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटी. कॉलेज सुरू होऊन जेमतेम काही दिवस झालेले असतात. रस्ता बंद, गाड्या वळवलेल्या, आणि घरी वारकऱ्यांच्या पंगती. या दिवसांत मुलगा गैरहजर असतो की हजर? राष्ट्रीय सेवा योजनेचा बिल्ला लावून रस्त्यावर पाणी वाटत असेल तर त्याला हजेरी मिळते. तेच पाणी तो स्वतःच्या दारात वाटत असेल तर गैरहजेरी लागते.

गाडी हा अंशातला किती मोठा घटक आहे हे २०२१-२२ ने दाखवलं. कोविडनंतर राज्यातली महाविद्यालयं ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली, आणि काही आठवड्यांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. दीड वर्ष मोबाईलवर तास ऐकलेल्या मुलांसाठी कॉलेजचं दार उघडलं तेव्हा तिथवर न्यायला गाडी नव्हती. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती ते गेले. बहुतेक घरांत ती एकच असते, आणि ती भावाला मिळते.

मुलींचा हिशेब इथे वेगळा होतो. राज्यात बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे. बारावी झाली, पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की मोफत प्रवास संपतो आणि पासाचे पैसे सुरू होतात. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. विद्यार्थिनीचा सवलतीचा पास त्याहून स्वस्त पडतो, पण फुकट नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे चांगलंच झालं. पण अंथुर्ण्याच्या मुलीची हजेरी फीवर अवलंबून नसते. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिला उतरवणारी गाडी आहे की नाही, यावर असते. शेवटचं प्रात्यक्षिक लांबलं तर ती जर्नल अर्धवट सोडून निघते. तिला उशीर परवडत नाही. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थिनींसाठी मासिक पाळीचा विचार करून उपस्थितीची अट ७५ वरून ७३ केली. दोन टक्के ही सूट दिसायला किरकोळ, पण कारण मान्य करून आकडा बदलता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

मुलांचं कारण बहुतेक वेळा रात्रीचं असतं. शेतीची थ्री फेज लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशा पाळीने येते. रात्रपाळीचा आठवडा आला की उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, घरातला तरणा मुलगा जातो. वडिलांना अंधारात, विंचूकाट्यात पाठवायचं नाही म्हणून. पहाटे लाईट गेली की तो झोपतो. सकाळी एकतर येत नाही, किंवा येतो आणि मागच्या बाकावर डोकं टेकतो. मस्टरच्या दृष्टीने दुसरा मुलगा आदर्श. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने २०१७ मध्ये आणली. ती जिथे पोचली तिथे तिने कॉलेजांची हजेरी वाढवली असणार असा माझा अंदाज आहे, पण अशा परिणामाची नोंद कोणत्याच खात्याच्या रकान्यात बसत नाही.

इथवर वाचून एखाद्या विद्यार्थ्याला वाटलं असेल की लेखक आपल्या बाजूचा आहे. जरा थांबावं.

दारं धरणारा आणि पासवाला ही खरी कारणं आहेत, पण यादीतली सगळी नावं त्यांची नसतात. बारामतीसारख्या गावात एक मोठा वर्ग असा आहे ज्याने ‘ॲडमिशन घेऊन ठेवलंय’. हा शब्दप्रयोग नीट ऐका. गॅसचं सिलिंडर भरून ठेवावं तसा. मुलगा असतो भरतीच्या ग्राऊंडवर, अभ्यासिकेत, किंवा एमआयडीसीत पाळीला. पदवी हवी, कारण स्पर्धा परीक्षेच्या अर्जात ती लागते, वर्ग नको. त्याची हजेरी मित्र लावतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात, आणि ती लावणं हा मैत्रीचा किमान पुरावा समजला जातो. सत्राच्या शेवटी वैद्यकीय दाखला येतो, त्यावर सही करणाऱ्या डॉक्टरने या मुलाला कधी तपासलेलं नसतं. मग हमीपत्र: पुढच्या सत्रात नियमित येईन, पालकांची सही. ती सहीसुद्धा कधी कधी प्रॉक्सीच असते.

या मुलाला रागवावं तर रागवणाऱ्याचा हातही फार स्वच्छ नसतो. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांची पदं कार्यभारावर ठरतात आणि कार्यभार विद्यार्थिसंख्येवर. तुकडी टिकवायची तर पटावर नावं हवीत. म्हणजे कॉलेजला त्याचं नाव हवं, त्याला कॉलेजची पदवी हवी. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही. म्हणूनच यादी दर सत्राला लागते आणि परीक्षेला मात्र जवळजवळ सगळे बसतात. हा दोन्ही बाजूंनी पाळला जाणारा, कुठेही न लिहिलेला करार आहे. त्यात फसतो तो एकच: ज्याची परिस्थिती खरोखर अडचणीची आहे आणि ज्याला खोटा दाखला आणायचं सुचलं नाही.

न येता शिकायचं असेल तर त्यासाठी सरळ रस्ते आपल्याकडे आहेत, आणि ते लाजेचे नाहीत. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे प्रत्येक गावात माहीत असतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची सोय त्यात ठेवली, कारण ज्या बायकांसाठी ते काढलं त्यांतल्या अनेक जणी घराबाहेर पडूच शकत नव्हत्या. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं ते सकाळचं, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. आणि १९८९ पासून नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. पाळीत काम करणाऱ्या मुलासाठी ते टी. सी. किंवा इंदापूर कॉलेजपेक्षा जास्त प्रामाणिक ठिकाण आहे. तिथे तो खोटं न बोलता पदवीधर होऊ शकतो. नियमित वर्गात नाव घालून मुक्त विद्यापीठासारखं वागणं ही मात्र बेजबाबदारी. वर्गात न आल्याने शिक्षण थोडंफार बुडतं. दर सत्राला एक खोटी सही करायची सवय लागते, तिचं नुकसान जास्त.

वर्गात बसल्याने खरंच काही होतं का, हाही प्रश्न विचारायला हवा. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांतले वर्ग मोजले, तर साधारण एक तृतीयांश विद्यार्थी गैरहजर. तिथे एसटीचा प्रश्न नव्हता. २०१० मध्ये क्रेडे या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा कॉलेजातल्या गुणांशी हजेरीचा संबंध प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. पण हजेरी सक्तीची केल्याने होणारा फायदा लहानच दिसला. याचा अर्थ लावायला कठीण नाही. जो मनाने येतो तो अभ्यासही करतो. पकडून आणलेला फक्त येतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. सहामाहीला मध्यापेक्षा कमी गुण मिळालेल्यांनाच हजेरी सक्तीची केली, वरच्यांना मोकळं सोडलं. रेषेच्या किंचित खाली आणि किंचित वर असलेल्या मुलांची तुलना केली, तर सक्ती झालेल्यांचे अंतिम परीक्षेतले गुण वाढलेले दिसले. मला हा प्रयोग पटतो. पहिलं वर्ष सगळ्यांना सक्ती, पुढे ज्याला जमतंय त्याला सूट आणि ज्याला जमत नाही त्याला खुर्चीवर बसवणं, हे आपल्याकडचं कोणतंही स्वायत्त कॉलेज उद्या करू शकतं.

आता छेद.

मध्ययुगात बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची संघटना मालक होती आणि प्राध्यापक नोकर. तिथल्या नियमांनुसार प्राध्यापकाला परवानगीशिवाय एक दिवसही गैरहजर राहता येत नसे, गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे, आणि नेहमीच्या तासाला पाच विद्यार्थीही जमले नाहीत तर तो तास झालाच नाही असं धरून दंड होई. म्हणजे वर्ग रिकामा राहिला तर हजेरी शिक्षकाची घेतली जायची. इतक्या टोकाला जायला मी सांगत नाही. बोलोन्याच्या प्राध्यापकांचं आयुष्य काही सुखाचं नसावं. पण अपूर्णांकाचा खालचा आकडाही कुणीतरी मोजायचा असतो, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे तास का बुडतात? शिक्षक आळशी म्हणून, हे सोपं उत्तर आणि बऱ्याच अंशी चुकीचं. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या संशोधकांनी देशभरातल्या प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या, तेव्हा चौघांपैकी एक शिक्षक गैरहजर सापडला. पण त्यात सर्वात कमी गैरहजेरी महाराष्ट्राची होती, सुमारे १५ टक्के. कॉलेजांतली कारणं वेगळी आहेत. मंजूर पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेमलेले प्राध्यापक येतात. त्यांना पैसे तासाला मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते. त्यांतले काही एकाच दिवशी दोन तालुक्यांतल्या दोन कॉलेजांत शिकवतात. तेही त्याच एसटीने. जे कायम आहेत त्यांना परीक्षा, पेपर तपासणी, नॅक मूल्यांकनाच्या फायली, आणि २०२४ सारख्या वर्षात मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या प्राध्यापकाचा तास कागदावर रजा नसतो. तो नुसता होत नाही, आणि छेदातून गुपचूप वजा होतो.

बारामतीतच याचं उलट उदाहरण आहे. २०१९ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमांनुसार वैद्यकीय कॉलेजातल्या प्राध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर रोज नोंदवली जाते, आणि २०२३ च्या मानकांनुसार त्यांनाही कामाच्या एकूण दिवसांच्या ७५ टक्के हजेरीचं बंधन आहे. पुरेसे शिक्षक हजर दिसले नाहीत तर कॉलेजच्या मान्यतेवर गदा येते. म्हणजे या गावात एकाच आकड्याने एका कॉलेजात दोघांना बांधलंय, आणि काही किलोमीटरवरच्या कॉलेजांत एकालाच. डॉक्टर चुकला तर माणूस मरतो, म्हणून तिथे छेद मोजतात. इतिहास किंवा वाणिज्य चुकलं तर कुणी मरत नाही, एवढाच फरक.

सरकारने विद्यार्थ्यांच्या बाजूने यंत्र लावून पाहिलंच आहे. कोचिंग क्लासशी संगनमत करून रिकाम्या वर्गांवर चालणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांना आळा घालायला २०१८ मध्ये अकरावी-बारावी विज्ञानाला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. अंगठा लावायचा आणि क्लासला जायचं, हा त्यावरचा उपाय मुलांनी लवकरच शोधला. यंत्राला अंगठा कळतो.

न्यायालयं दीर्घकाळ हजेरीच्या बाबतीत कॉलेजांच्या बाजूने राहिली. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी दिशा घेतली. कमी हजेरीमुळे परीक्षेला बसू न दिल्यानंतर २०१६ मध्ये एका विधी विद्यार्थ्याने आत्महत्या केली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला, की केवळ हजेरी कमी म्हणून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. हजेरीची आकडेवारी दर आठवड्याला कळवावी, पालकांना महिन्याला कळवावी, कमी पडणाऱ्यांसाठी जादा तास घ्यावेत, आणि तरीही कमी राहिली तर जास्तीत जास्त ५ टक्के गुण कापावेत. निकाल विधी शिक्षणापुरता आहे. पण त्यातला ‘दर आठवड्याला’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यादी सत्राच्या शेवटी लागते तेव्हा ती फक्त शिक्षा असते. पंधराव्या दिवशी लागली तर सणसरच्या मुलाला सरांकडे जाऊन गाडीचं सांगता येतं, आणि ॲडमिशन घेऊन ठेवलेल्याला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला वेळ मिळतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात किमान हजेरी किती हे ठरवणं शिक्षणसंस्थांवर सोपवण्याचं सुचवलं होतं. म्हणजे प्रश्न दिल्लीतून निघून बारामती-इंदापूरच्या विद्वत परिषदा आणि प्राचार्यांच्या टेबलावर यायला लागला आहे. तिथे आकडा ७५ राहील की ६०, यावर बराच वाद होईल. मला त्या वादात फार रस नाही. माझं म्हणणं इतकंच, की डिफॉल्टर लिस्टच्या माथ्यावर, विषयाच्या नावापुढे, ‘ठरलेले तास’ आणि ‘झालेले तास’ असे दोन आकडे छापावेत.

विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या सत्रात यादी लागली की आपलं नाव शोधण्याआधी हे दोन आकडे तिथे आहेत का बघा. नसतील तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून मागा, खाली खरी सही करा, आणि मित्राची सही मित्रालाच करू द्या.